प्रयागबाईंनी न पाहिलेला तलाव

नागपूरच्या प्रताप नगरात तेव्हा नुकती कुठे वस्ती होऊ लागली होती. रस्ते कच्चे, निम्म्या घरांच्या विटा उघड्या, आणि दिवस मावळला की पलीकडच्या शेतांतून कोल्हेकुई ऐकू यायची. अशा नव्या वस्तीत माणसांना एकमेकांचं तोंड बघितल्याशिवाय करमत नाही. म्हणून मधुकररावांनी सहल मंडळ काढलं. मधुकरराव एका कचेरीत कारकून होते. सहा दिवस फायलींत मान घालून बसणाऱ्या माणसाला सातव्या दिवशी गळ्यात शिट्टी अडकवायची हौस येते, तशी त्यांना होती, आणि चांगली दांडगी होती. थंडी पडली की महिन्याला एक सहल. एसटीची अख्खी गाडी ठरवायची आणि पहाटेच निघायचं. कधी रामटेक, कधी नगरधनचा किल्ला, कधी अदाशाचा गणपती, आणि पौषात वर्षाची मोठी सहल म्हणजे नवेगाव बांधचा तलाव.

आता आमच्या विदर्भात सहल म्हटली की रोडगे आलेच. देवदर्शन चुकलं तर चालेल, किल्ला बाहेरून बघितला तरी चालेल, पण झाडाखाली बसून वांग्याच्या भाजीशी रोडगा चुरून त्यावर तुपाची धार पडली नाही, तर ती सहलच नव्हे. आणि रोडगे म्हणजे प्रयागबाई.

प्रयागबाई नरखेडकडच्या. माहेर संत्र्यांच्या बागांतलं. बागा दुसऱ्यांच्या, तोडणी यांची. सोळाव्या वर्षी लग्न होऊन नागपूरला आल्या. नवरा, रुपराव, कापडाच्या गिरणीत होता. माणूस गमत्या, गाणं म्हणत जिना चढणारा. पण गिरणीतला कापूस छातीत जाऊन बसला आणि शेवटची दोन वर्षं तो खाटेवरून उठला नाही. चौसष्ट साली गेला. पोटी मूल नव्हतं. प्रयागबाई प्रताप नगरात चार घरच्या पोळ्या करू लागल्या, आणि दोन वर्षांत त्यांच्या हाताची चव मधुकररावांच्या जिभेपर्यंत पोचली.

रोडगा करणं हे काही पोळी लाटण्याइतकं सोपं काम नाही. जाडसर दळलेली कणीक, तेलाचं मोहन, ओवा. चांदक्या, म्हणजे लहान जाड पोळ्या, लाटून एकावर एक ठेवायच्या, सगळ्यांवरून एक मोठी पारी घेऊन त्याचा गोळा वळायचा. तोवर गोवऱ्या पेटवून त्यांचा धूर जाऊ द्यायचा. मग निखाऱ्यांत गोळे मांडायचे, उलटायचे, आणि शेवटी वरून राख ओढून झाकून टाकायचे. तिथून पुढे दीड-दोन तास काही करायचं नसतं, आणि तीच खरी अडचण. काही करायचं नसतं, पण उठायचंही नसतं. प्रयागबाईंच्या सासूनं, भीमाबाईनं, त्यांना पहिल्याच वर्षी बजावलं होतं, "रोडग्याले पाठ दाखवू नोको वं. पाठ दाखवली का तो आतून कच्चा रायते." म्हातारी स्वतः रोडगे टाकले की आगीकडे तोंड करून देवासमोर बसावं तशी बसायची. प्रयागबाईंनीही तो नेम कधी मोडला नाही. शिवाय माकडं होतीच. रामटेकची माकडं तर अशी की राखेत हात घालून गरम रोडगा पळवतील आणि वर झाडावरून फुंकर मारून खातील.

तर असं व्हायचं. गाडी थांबली की चाळीस माणसं भुर्रकन उडून जायची आणि प्रयागबाई गोवऱ्या रचायच्या. रामटेकला त्या गडाच्या पायथ्याशी बसायच्या. नगरधनला किल्ल्याची भिंत पाठीशी यायची, आणि आगीकडे पाठ करायची नाही म्हटल्यावर त्यांना ती भिंतदेखील नीट दिसली नाही. अदाशाला चिंचेखाली. आणि नवेगावला तर कहरच. तिथे तलावाचा बांध म्हणजे चांगली टेकडीएवढी मातीची पाळ. पाळीच्या या अंगाला आंबराई, विहीर, सावली. त्या अंगाला तलाव. मध्ये दगडाच्या पन्नासेक पायऱ्या. प्रयागबाई या अंगाला.

पहिल्या वर्षी, म्हणजे सहासष्टच्या पौषात, जेवणं झाल्यावर मधुकररावांच्या बायकोनं, चारुशीलाबाईंनी, हात धुता धुता सहज विचारलं, "प्रयागबाई, तुम्ही पाहिला ना हो तलाव?"

विचारलं आणि लगेच त्यांचा चेहरा उतरला. या बाईला घेऊन आलो आणि बांधावर चल असं कुणी म्हटलंसुद्धा नाही, हे त्यांच्या त्याच क्षणी लक्षात आलं असावं. प्रयागबाईंनी तो चेहरा बघितला. आमच्याकडची माणसं एक चूक हमखास करतात. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून आपल्या ताटातलं वाढून देतात आणि वर पोट भरलं असं सांगतात. प्रयागबाई हसून म्हणाल्या, "पायला ना बाई. लय सुंदर हाये."

एवढंच. एका वाक्याचं खोटं, आणि तेही दुसऱ्याच्या घशात घास अडकू नये म्हणून बोललेलं. पण खोट्याला नातेवाईक फार.

परतीच्या गाडीत माणसं पेंगत पेंगत तलावाबद्दल बोलत होती. प्रयागबाई मागच्या बाकावर रिकाम्या पातेल्यांशेजारी बसून ऐकत होत्या. कुणी म्हणालं, सात डोंगर आहेत भोवती. कुणी म्हणालं, सात कसले, नऊ. एक शाळकरी मुलगी सांगत होती की मधलं बेट अगदी कासवासारखं दिसतं. कुणाला पांढरे पक्षी दिसले होते, कुणाला नुसतंच ऊन. पुढच्या वर्षी मंडळात नवं कुटुंब आलं. त्यांनी विचारलं, "तुम्ही तर जाऊन आलात, काय आहे हो तिथं?" मग प्रयागबाईंनी ते सगळं जोडून सांगितलं. पुन्हा पुढच्या वर्षी थोडं अजून. पाचव्या वर्षापर्यंत असं झालं की वाटेतली साकोली मागे पडली की मधुकरराव शिट्टी फुंकत आणि म्हणत, "शांतता! आता प्रयागबाई सांगतील." आणि प्रयागबाई दांडा धरून उभ्या राहत, पदर सावरत, आणि सांगत. सकाळचं पाणी कसं जांभळं असते. मंग ऊन येते तसं हिरवं कसं होते. सात डोंगर कसे बहिणी-बहिणी पाण्यात पाय सोडून बसल्या हाये. त्यांच्या सांगण्यात काय होतं कोण जाणे, ड्रायव्हरसुद्धा गाडी हळू करायचा. बांधावर उभं राहून लोक एकमेकांना म्हणायचे, "प्रयागबाईंनी सांगितलं तसंच आहे अगदी." माणूस कानानं आधी बघतो आणि डोळ्यांनी नंतर, हे काही खोटं नाही.

पण खरी गोष्ट वेगळीच होती, आणि ती कुणालाच माहीत नव्हती.

रोडगे राखेनं झाकले की आंबराईत सामसूम व्हायची. वर कुठेतरी माणसांचे आवाज, विरत जाणारे. राखेतून बारीक ऊब यायची. पौषाचं ऊन पानांतून गळून मांडीवर पडायचं. प्रयागबाई आगीकडे तोंड करून बसायच्या, डोळे उघडे, आणि हळूहळू त्यांच्यासमोर तलाव भरू लागायचा. आधी थोडं पाणी यायचं, त्यांच्या माहेरच्या विहिरीतलं, काळंशार, थंड. मग त्या विहिरीचे काठ मागे सरायचे. डोंगर एकेक करून येऊन बसायचे. पाण्याच्या तळाशी संत्र्यांच्या झाडांची सावली असायची, झाडं मात्र कुठेच नसायची. पक्षी उडायचे ते आवाज न करता. आणि मग बेटामागून एक नाव यायची. नावेत रुपराव.

पांढरा सदरा. तोंडात पान. खोकला नाही. वल्ही मारत नसायचा, नाव आपली आपणच यायची. काठापासून हाकेच्या अंतरावर येऊन थांबायची. तो म्हणायचा, "चालतं का वं?" आणि प्रयागबाई म्हणायच्या, "रोडगे होऊ द्या, येतो." तो हसायचा. त्याला घाई नसायची. खाटेवरच्या त्या दोन वर्षांत प्रयागबाईंनी त्याला इतकं निवांत कधीच बघितलं नव्हतं.

दरवर्षी एकदा, दीड-दोन तास. या भेटीसाठी त्या वर्षभर पोळ्या लाटत होत्या असं म्हटलं तर वावगं होणार नाही.

सातव्या वर्षी एक गंमत झाली. गोवऱ्या चांगल्या वाळलेल्या, वारा बेताचा, रोडगे लवकर झाले. प्रयागबाईंनी ते काढले, झाडले, टोपल्यांत भरून फडक्यानं झाकले. कुणी खाली आलं नव्हतं. माकडं नव्हती. पन्नास पायऱ्या समोर. त्या उठल्या आणि चढू लागल्या. वीस पायऱ्या चढल्या आणि थांबल्या. वरून वारा आला, ओलसर, शेवाळाच्या वासाचा. त्यांच्या तलावाला वास नव्हता. अजून तीस पायऱ्या चढलं की एक तलाव दिसणार होता, आणि तो दिसला की दुसरा राहणार नव्हता. मग रुपराव कुठे बसेल? प्रयागबाई खाली उतरल्या. त्या दिवसापासून त्यांना ठाऊक झालं की आपल्याला रोडगे अडवत नाहीत. पण ते त्यांनी स्वतःलादेखील मोठ्यानं सांगितलं नाही.

अशी तेरा वर्षं गेली. एकोणऐंशीच्या पौषात मंडळात अरुंधतीबाई आल्या. मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, भाच्याकडे राहायला आलेल्या. ताठ कणा, स्वच्छ नऊवार. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गाडीत त्या अगदी पुढच्या बाकावर बसल्या होत्या, आणि प्रयागबाई सांगत होत्या तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

आंबराईत उतरल्यावर चाळीस माणसं नेहमीप्रमाणे उडाली. अरुंधतीबाई काठी टेकत आगीपाशी आल्या. रोडगे नुकतेच राखेनं झाकले होते.

"प्रयागबाई, मला वर तुम्ही न्या."

"मी?"

"मला सगळं पांढरं पांढरं दिसतं. डॉक्टर म्हणतात, पिकला की काढू. आंबा आहे का तो! पिकेपर्यंत मी राहते की नाही कुणाला माहीत. भाचा सांगेल, पण तो म्हणेल, आत्या, छान आहे. बस्स. तुम्ही गाडीत सांगितलंत, तसं मला तिथे उभं राहून ऐकायचंय."

प्रयागबाईंनी राखेकडे बोट दाखवलं. "बाई, रोडगे टाकले ना आता. उठता येत नाही मले."

"अहो, जा, जा!" मागून मधुकरराव आले. काही विसरलं म्हणून ते परत फिरले होते. "मी बसतो ना. शंभरदा पाहिलेला तलाव आहे माझा."

"पाठ दाखवान तुमी."

"नाही दाखवत. आईची शपथ." आणि त्या शिट्टीवाल्या गृहस्थानं खरोखरच एक दगड ओढला आणि निखाऱ्यांकडे तोंड करून, गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेतल्या मुलासारखी बसकण मारली.

आता काय करणार? नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं. अरुंधतीबाईंनी हात पुढे केला. तो हात थंड होता आणि हलका. प्रयागबाईंनी तो धरला.

पायऱ्या चढताना त्यांनी मनातल्या मनात रुपरावाला सांगितलं की आज राग धरू नका. वीस झाल्या. पुढच्या पायऱ्या त्यांच्या पायांना अनोळखी होत्या. एक दगड हलत होता. "जपून, बाई," त्या म्हणाल्या, आणि अरुंधतीबाईंनी हात जरा घट्ट केला. पन्नासावी पायरी आली. मग पायरी नव्हती.

आधी प्रयागबाईंना ते पाणी आहे हेच कळलं नाही. समोर नुसता उजेड होता, आडवा, संपत नसलेला. तो हलत होता म्हणून पाणी म्हणायचं. जांभळं नव्हतं, हिरवं नव्हतं; राखेचा असतो तसा रंग, आणि त्यावर कुठे कुठे ऊन. डोंगर होते, पण ते पाण्यात पाय सोडून बसलेले नव्हते. ते लांब होते, फिकट, एकात एक मिसळलेले, मोजताच येत नव्हते. बेट कासवासारखं मुळीच नव्हतं. चार झाडं आणि दगड, आणि दगडांवर पक्ष्यांची पांढरी घाण. पक्षी काळे होते. हजारो. आणि केवढा गलका करत होते! तेरा वर्षांत एवढ्या माणसांनी एवढं सांगितलं, पण हा आवाज कुणी सांगितला नव्हता. खाली काठाशी एक बाई राखेनं भांडी घासत होती. म्हशी डुंबत होत्या. मंडळातली माणसं पाळीवरून पार लांब गेली होती.

आणि एक नाव होती. नावेत एक माणूस जाळं ओढत होता. उघडा, काळासावळा, म्हातारा. त्यानं जाळं ओढलं, झटकलं, पुन्हा टाकलं. प्रयागबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग बेटाच्या मागच्या बाजूकडे बघितलं, जेवढं दिसत होतं तेवढं. रुपराव तिथे नव्हता.

तो मेला होता. पंधरा वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, सकाळी. हे काही त्यांना आज कळत नव्हतं. पण आजपर्यंत ते असं समोर येऊन उभं राहिलं नव्हतं.

"सांगा ना," अरुंधतीबाई म्हणाल्या.

"हो. सांगतो." प्रयागबाईंनी पदर सावरला. "सकायचं पाणी कसं जांभळं असते... मंग... डाव्या हाताले सात डोंगर हाये. बहिणी-बहिणी..." आवाज आपलाच, पण दुसऱ्या कुणी पाठ करून ठेवल्यासारखा. त्या थांबल्या.

"गाडीत तुम्ही असं नव्हतं सांगितलं. तेव्हा तुम्हाला दिसत होतं."

प्रयागबाईंच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी ती पुसली नाही, कारण एक हात अरुंधतीबाईंच्या हातात होता आणि दुसऱ्यानं पदर घट्ट धरला होता. "बाई, मी खोटं बोलली. मी हा तलाव कदीच पायला नाही. आज पाहून रायली, पयल्यांदा."

"इतकी वर्षं येताय ना?"

"तेरा."

दुसरं कुणी असतं तर हसलं असतं, किंवा अरेरे म्हटलं असतं, किंवा खाली जाऊन मधुकररावांना सांगितलं असतं. अरुंधतीबाईंनी तीस वर्षं मुलींना शिकवलं होतं. फळ्यासमोर उभ्या असलेल्या मुलीला कधी विचारायचं आणि कधी गप्प बसायचं, हे त्यांना कळत होतं. त्यांनी काठीनं चाचपून एक दगड शोधला आणि त्यावर बसल्या.

"मग माझं राहू द्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही आधी बघून घ्या. पोटभर बघा. मी बसले आहे."

प्रयागबाई बघू लागल्या. पहिल्यांदा रुसून बघितलं, कुणाच्या तरी घरात न बोलावता गेल्यासारखं. तलावाला त्याचं काही नव्हतं. तो तेरा वर्षं इथेच होता, पन्नास पायऱ्यांवर, आणि त्याच्याआधी कितीतरी वर्षं, लोकांनी पाळ बांधली तेव्हापासून. त्याला डोंगर सात की नऊ याची पडलेली नव्हती. वारा आला की त्याच्यावर सुरकुती उठायची आणि पलीकडे जाऊन विरायची. एक थवा उठला, सगळा एकदम, आकाशात एक फेरी मारून पुन्हा तिथेच बसला. कशाला उठला आणि कशाला बसला, काही नाही. प्रयागबाईंना त्याचं हसू आलं. डोळे वाहतच होते आणि हसूही आलं.

खालून शिट्टी झाली. मग मधुकररावांची हाक, घाबरलेली, "प्रयागबाई! धूर येतोय हो! काय करू?"

प्रयागबाईंनी ऐकलं. त्या वळल्या नाहीत.

"जायचं का तुम्हाला?" अरुंधतीबाईंनी विचारलं.

"नाही," प्रयागबाई म्हणाल्या. त्या अरुंधतीबाईंच्या शेजारी खाली, मातीवरच, मांडी घालून बसल्या. इतक्या वर्षांत सहलीला येऊन त्या पहिल्यांदाच अशा बसल्या होत्या, पुढ्यात काही शिजत नसताना. "आता सांगू?" त्यांनी विचारलं.

"सांगा."

प्रयागबाईंनी सांगायला तोंड उघडलं. गाडीत दांडा धरून त्या अर्धा तास बोलायच्या, शब्द कधी अडला नव्हता. आता एक शब्द सापडेना.

"पाणी हाये, बाई," त्या म्हणाल्या.

"हं."

"लय पाणी हाये."

"अजून?"

प्रयागबाईंनी पुन्हा एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, काही सुटू नये म्हणून, अगदी सावकाश.

"अजून बी पाणीच हाये," त्या म्हणाल्या, आणि अरुंधतीबाईंनी मान डोलावली आणि समोर, पांढऱ्या उजेडाकडे, तोंड करून बसल्या.